विहिरीतलं पाणी लुगड्याचं

आमच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से भराभर साचतात, कारण किश्शाला वरच्या साहेबाची सही लागत नाही! मी नागपूरला अर्थशास्त्रात बी.ए. करून बालाघाटच्या विकास ऑफिसात ग्रामसेविका म्हणून लागले, तेव्हापासूनचे हे काही. सगळे एकाच विहिरीचे.

दिल्लीने कापड, साखर, तंबाखू यांवरचा राज्यांचा विक्रीकर काढून टाकला आणि त्याऐवजी माल बनतो तिथेच कर बसवला. त्यातला वाटा राज्यांना. आमचे बडे बाबू यावर तोंड वाकडं करून म्हणाले, "बिटिया, भरवेली की खान से मैंगनीज दिल्ली जाता है, और वहाँ से सिर्फ परिपत्रक आता है!"

आठवड्याभरात त्याच वाट्यातून राजेगावच्या वाटेवरच्या एका गावाला विहीर मंजूर झाली. बाबूंनी चष्मा पुसून आदेश दोनदा वाचला. तिसऱ्यांदा मी मोठ्याने वाचून दाखवला!

*

गावात सभा भरली. सरपंच पाटलांच्या वाड्यात स्वतःची विहीर होती. बौद्ध वस्तीतल्या बाया मात्र नदीवरून डोक्यावर पाणी आणत. तरी पाटील म्हणाले, "टॅक्स आम्ही भरतो, मंग विहीर आमच्याच दारात पाह्यजे."

मी सांगितलं, "हा कर दुकानात दिसत नाही, पण लुगड्याच्या किमतीत असतो. बिडीत असतो. चहातल्या साखरेत असतो."

मागे बसलेली वस्तीतली शांताबाई पदर मुठीत धरून उभी राहिली. "या लुगड्यात बी?"

"हो."

"मंग पाटील, विहिरीतलं एक घागर पाणी तरी माह्या लुगड्याचं हाये का नाही?"

*

ओव्हरसियर जागा पाहायला आला. पाटलांच्या आळीतल्या म्हाताऱ्यांनी त्याला आधीच पढवलं होतं, "नदी काय, हे इथंच तर हाये!" त्यानेही डायरीत लिहून टाकलं, 'नदी जवळ.'

वस्तीत पोचल्यावर त्याला तहान लागली. शांताबाईने रिकामी घागर उचलली. "साहेब, बसा जरासे. आणते."

साहेब बसले. एक बिडी ओढली. मग दुसरी. बंडल संपलं, तरी शांताबाईचा पत्ता नाही! ती आली तेव्हा साहेब घटाघट पाणी प्यायले आणि त्यांनी डायरीतलं 'जवळ' खोडून 'लांब' लिहिलं.

त्या बंडलावरचा करही विहिरीच्याच कामी आला, असं मी धरून चालते!

*

दुसरी सभा. एक आजोबा माझ्यावर गरजले, "पोरी, आमचे केस उन्हात पांढरे नाही झाले!"

"आजोबा, पाणी भरून झाले असते तर मी गप्प बसले असते!"

शेवटी हात वर करायचं ठरलं. वस्तीतल्या बायांचे हात भराभर वर गेले. मग पाटलांच्या आळीतल्याही दोघीतिघींचे, नवऱ्यांकडे न बघता! पाटील उसळले, "बायांचे हात मोजाचे नाही!"

मी म्हटलं, "काहून? तुम्ही सरपंच झाले तेव्हा तर मोजले होते!"

सभेला आलेल्या बडे बाबूंनी रजिस्टरात एकच ओळ लिहिली, "कुआँ बस्ती में।" आणि मला हळूच म्हणाले, "आज परिपत्रक जीत गया!"

*

विहीर झाली. ऐन उन्हाळ्यात उद्घाटन ठरलं. पाटील पांढऱ्या टोपीत, हातात नारळ. वस्तीतल्या बाया घागरी घेऊन रांगेत. शांताबाई दोर धरून उभी.

तेवढ्यात पाटलांच्या वाड्याकडून पाटलीणबाई आल्या. कमरेवर तांब्याची घागर. त्यांच्या वाड्यातली विहीर चार दिवसांपूर्वीच आटली होती, हे गावभर ठाऊक होतं. पाटील पुटपुटले, "अवं, कुठं चालली?"

पाटलीणबाई सरळ विहिरीपाशी आल्या आणि दोरासाठी हात पुढे केला.

शांताबाईने दोर सोडला नाही. हसून म्हणाली, "बाई, रांग तिकडून हाये."

पाटलीणबाईंनी एकदा पाटलांकडे पाहिलं, एकदा रांगेकडे. मग घागर सावरली आणि सगळ्यात मागे जाऊन उभ्या राहिल्या.