सहा म्हणजे किती सूत?

गेल्या शनिवारी सकाळची शाळा आटोपली आणि मी कराडहून थेट सांगली गाठली... पाईप आणायला. तोही साधासुधा नाही, ब्रेडेड. मला तोवर ब्रेड माहीत होता आणि वेणी माहीत होती. या दोन्हींचा गाडीशी काय संबंध, ते काही कळत नव्हतं.

गाडी माझ्या धाकट्या भावाची, सुहासची. तो फौजेत आहे. पाच वर्षं दर सुट्टीत येऊन त्याने एका जुन्या हॅचबॅकला टर्बो बसवला, सस्पेन्शन बदललं, आणखी काय काय केलं देव जाणे. मागच्या सुट्टीत पाटणच्या रस्त्यावर बॉनेटमधला पेट्रोलचा रबरी पाईप चिरला, गरम इंजिनावर पेट्रोल उडालं आणि भडका झाला. सुहासने माती टाकून विझवला, पण हाताला भाजलंच.

आण्णा, म्हणजे आमचे वडील, तेव्हा एवढंच म्हणाले की पुढच्या सुट्टीपर्यंत गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर भंगारात. आण्णा एकदा बोलले की बोलले... सुहासचा चेहरा मला बघवला नव्हता.

आता सुट्टीला दहा दिवस उरलेले आणि साहेब अशा जागी की फोन लागला तर लागला. त्याचा मेसेज आला, ‘ताई, स्टील ब्रेडेड, आतून टेफ्लॉन, साइज -6, एक मीटर, दोन्ही टोकांना फिटिंग.’ खाली सांगलीतल्या दुकानाचा पत्ता.

मी सातवीला गणित शिकवते. मला आधी वाटलं, वजा सहा? मापात वजा कसं असेल? मग म्हटलं ती नुसती रेघ असेल, सोडून देऊ.

दुकान ट्रॅक्टरचे आणि ऊस तोडणीच्या मशीनचे पाईप बनवणाऱ्याचं. मालक वयस्कर, चष्मा कपाळावर. मी ‘ब्रेडेड, ब्रेडेड’ करत राहिले तेव्हा ते म्हणाले, जाळीचा म्हना की. मग विचारलं, सहा सुती का? सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून मी मान हलवली. कारला एवढा जाड कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलंही... पण शिकवायची सवय वाईट. मी म्हटलं, माझा भाऊ चुकीचं सांगणार नाही.

घरी येऊन बॉनेट उघडलं. माझ्या पाईपात माझा अंगठा जात होता आणि गाडीतलं तोंड पेन्सिलीपेक्षा जरासं जाड! मी पाईप उलटा केला, सुलटा केला... पाईप काय, उलटा केला म्हणून बारीक होतो का? शेवटी सतरंजीत गुंडाळून खाटेखाली सारला.

आण्णांनी तो तासाभरात शोधला. मला वाटलं, झालं, गाडी गेली. पण ते रागावले नाहीत, मेसेज मोठ्याने वाचून दाखवायला सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून एसटीला माझ्याआधी उभे!

दुकानात त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत तो चिरलेला, जळका पाईप. इतके महिने त्यांनी तो जपून ठेवला होता, मला पत्ताच नाही.

मालकांनी त्याच्या न जळलेल्या टोकात ड्रिलचे बिट घालून पाहिले. तीन सुती बिट बरोबर बसला. मी आणखीनच गोंधळले, मेसेज पुढे करून म्हटलं, पण इथे सहा लिहिलंय ना...

"आवं बाई, ह्या गाडीवाल्यांचा सहा म्हंजी इंचाचं सहा सोळांश. आमचं सूत म्हंजी आठांश. मग सहा सोळांश म्हंजी किती सूत?"

"तीन," मी हळूच म्हटलं. सातवीच्या बाकावर बसल्यासारखं वाटलं. आण्णा कौलांकडे बघत होते, पण मिशीत हसत होते.

मग आण्णांनी तीन सुती नवा पाईप बनवून घेतला आणि दुकानातल्या पंपावर लावून त्यात दाब द्यायला लावला. कुठे ओल नाही, हे चष्मा लावून स्वतः पाहिलं. वर अजून एक तुकडा कापून घेतला. कशाला, ते कळलं नाही... आणि विचारायला मला तोंड उरलं नव्हतं.

घरी येऊन आम्ही दोघांनी तो बसवला. एक पाना मी धरायचा, दुसरा आण्णा फिरवणार. टर्बोपासून लांब ठेवून क्लिपा मारल्या, जोडांवर पांढरा कागद गुंडाळून गाडीतला पेट्रोलचा पंप चालू केला. कागद कोरडा राहिला. आण्णांनी तो तीनदा चाचपला.

संध्याकाळी सुहासचा फोन लागला. मी धडाधड सगळं सांगत होते, तेवढ्यात आण्णांनी फोन मागून घेतला. इंजिनाला लागतं तेवढं घेऊन उरलेलं पेट्रोल दुसऱ्या पाईपाने टाकीकडे परत जातं, हे मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं.

"परतीचा पाईप आजून जुनाच रबरी हाय. त्याला बी जाळीचा आणून ठेवलाय, पर त्यो आमी बसवनार न्हाई. तू ये. दोगं मिळून बसवू. तवर गाडीला कुनी हात लावायचा न्हाई."

स्पीकरवर पलीकडून बारीक आवाजात आलं, "व्हय, आण्णा."

इतके दिवस मी धरून चालले होते की आण्णांना ती गाडी डोळ्यासमोर नको आहे. त्यांना पोरगा भाजलेला बघवत नव्हता, एवढंच होतं ते... हे कळायला मला दोनदा सांगलीला जावं लागलं. बरं झालं चुकले.