रोवणा होईपर्यंत

बायपासनंतर मला सगळ्यात जास्त भीती शिंकेची वाटायची. छातीचं हाड मधोमध कापून तारांनी बांधलेलं. शिंक येतेय असं वाटलं की आता ते उकलणार, या धास्तीनं मी आधीच रडकुंडीला यायचे. नागपूरहून सुटी देताना दवाखान्यातून एक लहान उशी दिली होती; खोकला आला की ती छातीशी घट्ट धरायची. ती उशी काखेत घेऊन मी गोंदियालगतच्या फुलचूरच्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. टेलिफोन खात्यात इतकी वर्षं नोकरी केली, दोन मुलं वाढवली, सासूचं आजारपण काढलं, आणि आता एका शिंकेला घाबरत होते.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी सांगितलं की नुसतं बसून हृदय बरं होत नाही, त्याला पुन्हा कामाची सवय लावावी लागते. गोंदियात तसं एक केंद्र होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, असे तीन महिने जायचं. ऑटोवाले त्याला ‘दिलवाला जिम’ म्हणायचे. यजमान मला स्कूटरनं सोडायचे आणि तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. आत या म्हटलं तरी यायचे नाहीत. एवढ्या माणसांच्या छातीला वायरी चिकटवलेल्या त्यांना पाहवत नसत.

आत चार ट्रेडमिल, दोन सायकली आणि भिंतीवर एक मोठा पडदा. त्या पडद्यावर प्रत्येकाच्या हृदयाची हिरवी रेघ उड्या मारत पुढे सरकायची. बाकी सगळे पुरुष होते. कुणी व्यापारी, कुणी रेल्वेतून निवृत्त झालेले. ते आपसात हिंदीत बोलायचे, कुणाच्या किती नळ्या बंद होत्या ते एकमेकांना सांगायचे. मी कोपऱ्यातल्या कापडी पडद्याआड जाऊन वायरी लावून घ्यायचे, खाली मान घालून चालायचे आणि घरी यायचे. पहिला महिना असाच गेला. त्या महिन्यात घरीदेखील माझं बोलणं फार कमी झालं होतं.

मे महिन्यात ती आली. दूरच्या केशोरी गावची होती. तिचीही बायपास माझ्यासारखीच, नागपूरलाच झालेली. नवरा आदल्या वर्षी गेलेला, मुलगा हैदराबादकडे बांधकामावर. मुलगी फुलचूरला राहून घरीच ब्लाउज शिवायची, म्हणून उपचारापुरती ही तिच्याकडे राहायला आली होती. पहिल्या दिवशी ती ट्रेडमिलवर चढली आणि पट्टा हलताच दांडा धरून उतरली. फिजिओथेरपिस्ट मुलगी बालाघाटकडची, फार मायेची. तिनं हिंदीत पुष्कळ समजावलं. शेवटी मीच शेजारच्या मशीनवरून म्हटलं, "ताई, माझ्या पायांकडे बघा आणि तसंच चाला."

ती चालली. थोड्या वेळानं माझ्याकडे न बघताच म्हणाली, "जलमभर चिखल तुडवला बाई, तवा कोनी मोजला नाही. आता रबरावर चालून राहिली तं चार जन पाहून राहिले."

मला हसू आलं. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच मी हसले असेन, कारण छातीत कळ आली आणि मी उशी शोधू लागले.

पुढे आमच्या वेळा एकच झाल्या. मी तिला ताई म्हणायचे, वयानं ती माझ्याहून लहान असली तरी. ती मला बाई म्हणायची, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. वायरी लावायला आम्ही दोघी एकदमच पडद्याआड जायचो. आपल्या छातीवरचा लांब व्रण मी नवऱ्यालाही दाखवला नव्हता. तिनं पहिल्याच आठवड्यात स्वतःचा दाखवला, माझा बघितला, आणि तुमची शिलाई माझ्या पोरीच्या हातची वाटते, इतकी सरळ आहे, असं म्हणाली. तेव्हापासून मला तो व्रण तितकासा वाईट दिसेनासा झाला.

व्यायाम चालू असताना थेरपिस्ट दर थोड्या वेळानं विचारायची, किती दम लागतोय? त्यासाठी भिंतीवर आकड्यांचा तक्ता होता. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे आता पडणार. अकरा ते तेरा चांगलं. तेराच्या वर गेलं की ती मशीन हळू करायची. मी खरं तेच सांगायचे, कधी दहा, कधी चौदा. ताईचं उत्तर ठरलेलं, बारा. मी एकदा तिला विचारलं, रोज बाराच कसा? तर म्हणाली, बारा म्हटलं की मशीन चालू राहते आणि ही विचारणारी पोरगीही खूश होते.

ती शेताबद्दल बोलायची. तिची धानाची शेती फार नव्हती, चार बांध्या, म्हणजे बांध घातलेले चार लहान तुकडे. पण त्या कुणाच्या तरी ठेक्यानं नाही, स्वतःच्या होत्या, आणि नवरा गेल्यावर तिनं एकटीनं केल्या होत्या. रोवण्याच्या वेळी, म्हणजे धानाची रोपं उपटून चिखलात लावायच्या दिवसांत, गावातल्या बाया तिच्या मागं ओळीनं उभ्या राहायच्या. ओळ कशी सरळ ठेवायची ते ती ठरवायची. मी शहरात वाढलेली. धान मला ताटातलंच माहीत. तिनं मला ट्रेडमिलवर चालता चालता रोवणा शिकवला, किती बोटं खोल, किती अंतर, पाय कसा मागं घ्यायचा. यजमानांना मी घरी येऊन ते सांगायचे आणि ते लक्ष देऊन ऐकायचे. मी पुन्हा बोलू लागले याचंच त्यांना अप्रूप असावं.

जुलै लागला. एका बुधवारी व्यायाम संपवून मी पडद्याआड गेले तर ती स्टुलावर बसलेली. एक हात जबड्याखाली दाबून धरलेला, तोंड मिटलेलं, कपाळावर घाम. दात दुखतोय का म्हणून मी विचारलं. तिनं मानेनं नाही म्हटलं. जरा वेळानं तोंड उघडलं तेव्हा मला जिभेखाली गोळी दिसली. छातीत कळ आली तर ठेवायची ती गोळी आम्हा सगळ्यांकडेच असते आणि घ्यावी लागली तर लगेच सांगायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं.

मी थेरपिस्टला हाक मारायला वळले. ताईनं माझा पदर धरला.

"कोनाले सांगजा नोको, बाई."

"कधीपासून होतंय हे?"

"चार-पाच दिवस झाले. जबडा धरते. मशीनवरून उतरली का थांबते."

मी म्हटलं की हे छातीचंच दुखणं आहे, डॉक्टरांना कळायलाच हवं. तर ती शांतपणे म्हणाली, मला ठाऊक आहे. सांगितलं की पुन्हा नागपूर, पुन्हा ती तपासणी, आणि रोवणा हातचा जाईल. रोपांसाठी पऱ्हे, म्हणजे धानाचं बी, टाकून झाले होते, रोपं उपटायला आली होती. येत्या पंधरवड्यात काम उरकलं नाही तर ती जून होऊन लावण्याजोगी राहत नाहीत. मुलगी शिवणकाम सोडून जाऊ शकत नव्हती, मुलगा येणार नव्हता. मी म्हटलं, गावातल्या बाया करतील की.

"बाया करतीन, बाई. मी नसली तरी करतीन. तेच तं सांगून राहिली."

आपल्यावाचून अडत नाही हेच तिला टोचत होतं, ते मला तेव्हा पुरतं कळलं नाही. एवढंच कळलं की तिला तिथं असायचं आहे. ती म्हणाली, शेतात उतरणार नाही, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून फक्त बघेन. दहा दिवस. रोवणा झाला की स्वतः येऊन डॉक्टरांना सांगेन. तिनं माझा हात धरून हे कबूल केलं आणि मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्याचा मी नंतर फार विचार केला आहे. तिची दया आली हे खरं. पण तेवढंच नव्हतं. ती नागपूरला गेली असती तर त्या हॉलमध्ये मी पुन्हा एकटी पडले असते. शिवाय तिच्या टाकलेल्या नळ्या सहा महिन्यांत बंद होऊ शकतात, तर माझ्याही होऊ शकतात, आणि हे मला मोठ्यानं कुणाकडून ऐकायचं नव्हतं. सांगितलं नाही म्हणजे झालंच नाही, असं मी स्वतःला समजावलं. शुक्रवारी ती आली, चालली, बारा म्हणाली. तिची हिरवी रेघ पडद्यावर माझ्या रेघेच्या खाली नीट धावत होती. मी त्या रेघेकडेच बघत होते. जाताना म्हणाली, उद्या सकाळच्या गाडीनं गावाला निघते.

सोमवारी ती नव्हती, ते ठरलेलंच होतं. बुधवारी थेरपिस्टनं मला बाजूला घेतलं. तिच्या डोळ्यांवरूनच मला समजलं.

पुढचं मला गावच्या बायांनी सांगितलं, आम्ही केशोरीला गेलो तेव्हा. शनिवारी ती धुऱ्यावरच बसली होती. रविवारी सकाळीही बसली. मग ओळ वाकडी जायला लागली म्हणून ती वरून ओरडून सांगत होती, आणि सांगता सांगता कधी लुगडं खोचून खाली उतरली ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. दोन ओळी लावल्या. तिसऱ्या ओळीत वाकलेली असताना तिनं शेजारणीला म्हटलं, जरा बसते. ती पुन्हा धुऱ्यावर जाऊन बसली. बायांना वाटलं, थकली असेल. जेवायला बोलवायला गेल्या तेव्हा ओठ हलत होते, पण शब्द फुटत नव्हते. ऑटोत घालून निघाले, वाटेतच संपलं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला यजमान आणि मी कोहमाऱ्याला गाडी बदलून गेलो. अंगणात मंडप होता, आत बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, आणि पांढऱ्या लुगड्यांतल्या बाया वंदना म्हणत होत्या. तिचा एक मोठा केलेला फोटो ठेवला होता, कुणाच्या तरी लग्नातला. त्यात ती बरीच तरुण होती आणि तिचा गळा कोरा होता, व्रण नसलेला. तशी मी तिला कधी पाहिलीच नव्हती.

वंदना झाल्यावर तिची मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. आई तुमचं नाव रोज काढायची, म्हणाली. तुमच्यामुळंच ती तिथं जायला तयार व्हायची. मग विचारलं, "तिले तरास होत होता का? तुमाले कायी बोलली होती का?"

नाही म्हणता आलं असतं. सगळ्यांच्या दृष्टीनं ते बरंच झालं असतं. पण तिचा चेहरा अगदी आईसारखा होता. मी सगळं सांगितलं. स्टूल, गोळी, दहा दिवस, माझं मान डोलावणं.

ती रडली नाही. तिनं अगदी हळू विचारलं, "मले काऊन नाही सांगितलं तुमी? आपली घरं दोन गल्ल्यांवर होती."

ती उठली आणि आत गेली. आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. परतीच्या गाडीत यजमानांनी माझा हात हातात घेतला. मी तो काढून घेतला. वाटेत दोन्ही बाजूंना रोवणे झालेल्या बांध्या होत्या, आणि मी ओळी सरळ आहेत की नाहीत ते बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना आणि थेरपिस्टला सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, कदाचित वाचल्या असत्या, कदाचित नाही. मशीनच्या रेघेत सगळंच दिसतं असं नाही, म्हणून तर आम्ही विचारतो. ते ‘कदाचित’ दोनदा म्हणाले आणि मी त्यातलं पहिलंच घरी घेऊन आले. थेरपिस्ट मात्र खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग म्हणाली, "मैंने तो रोज पूछा था, आंटी."

उरलेले दिवस मी पूर्ण केले. सोडावं असं फार वाटलं, पण यजमान सकाळी स्कूटर काढून दारात उभे राहायचे. शेजारच्या मशीनवर आता एक निवृत्त स्टेशनमास्तर असायचे, अबोल. शेवटच्या दिवशी चालण्याची परीक्षा घेतली, सहा मिनिटांत किती अंतर कापलं याची. सुरुवातीच्या मानानं मी खूपच जास्त चालले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत राहिले.

फुलचूरच्या त्या दोन गल्ल्या ओलांडून मी मुलीकडे कधी गेले नाही. दोनदा निघाले, कोपऱ्यावरून शिवणयंत्राचा आवाज ऐकला आणि परत आले. दिवाळीच्या आधी ती मला भाजीबाजारात समोरासमोर भेटली. हातात पालकाची जुडी होती. मला वाटलं, ती तोंड फिरवून जाईल. ती थांबली.

"गोळ्या घेऊन राहिल्या न बराबर?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. आणखी काही बोलावं म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिनं भाजीवाल्याला पालक परत दिला, मेथी मागितली आणि माझ्याकडे न बघता पिशवी उघडून धरली. मी जरा वेळ तिथंच उभी राहिले. मग गर्दी वाढली आणि मला पुढं सरकावं लागलं.