दुकानवाल्या वहिनी बऱ्या आहेत

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझी साखरसुद्धा खरी सांगतो.

मी केज तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्राचा डॉक्टर. अंगात कला एकच, पेशंटला हसवणं. अंबाजोगाईला आम्हाला मनाच्या आजारांचं प्रशिक्षण दिलं, तिथेही तेच केलं. एकाने डॉक्टर व्हायचं, एकाने पेशंट. मी टॉवेलचा पदर घेऊन उदास बाई झालो, हॉल लोटपोट. शिकवणाऱ्या मॅडम मात्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होत्या — मरावंसं वाटतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते कुणाच्या डोक्यात भरत नाही. मी मान डोलावली. यात काय अवघड?

नंतर थोड्याच दिवसांत वहिनी आल्या. गावातल्या किराणा दुकानदाराची बायको. अंग दुखतंय, सलाईन लावा म्हणाल्या. मी पिवळं लावलं — पिवळं म्हणजे भारी, असा आमच्याकडे समज आहे, आणि तो आम्ही डॉक्टरांनीच पसरवलाय. पडल्या पडल्या छताकडे बघत त्या म्हणाल्या, "झोप न्हाई साहेब. कशातच जीव लागंना. जगावं कावून, तेच कळंना."

हे तर माझंच वाक्य — पदर घेऊन म्हटलेलं. प्रश्न जिभेवर होता. का नाही विचारला? बाहेर गर्दी होती म्हणू? नव्हती. भ्यालो. त्या हो म्हणाल्या तर?

"वहिनी, गोडतेलाचे भाव तुमी वाढवता, झोप आमची उडायला पायजे. तुमची कावून उडाली?"

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. हसतायत म्हणजे बऱ्या आहेत — एवढं शिकून आलो होतो मी.

त्याच आठवड्यात त्यांनी जीव दिला.

भेटायला गेलो तर त्यांच्या मालकांनी माझा हात धरला. "तुमच्याकडून आली तवा हसत हुती, साहेब. लई दिसांनी." मी — मी हात तसाच राहू दिला.

पण खरं सांगायचंय ते पुढेच आहे. आता नव्या डॉक्टरांना मीच शिकवतो. आणि तिथे ही गोष्ट सांगतो — मी विचारलं, त्या रडल्या, मालकांना बोलावून घेतलं, गोळ्या सुरू केल्या, त्या वाचल्या. कितीदा सांगितली असेल? आता मलाच त्यांचं ते रडणं आठवतं. न झालेलं.

परवा चहाच्या वेळी एका तरुण डॉक्टरणीने विचारलं, "सर, त्या वहिनी आता कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," मी म्हणालो. "दुकानात बसतात. साखर तोलताना काटा जरा दाबतात, एवढंच."

ती हसली.