मधला स्पीकर

आंबिवलीजवळच्या मोहने गावातल्या कुंडलिकला बिघडलेल्या स्पीकरचा राग कधी आला नाही. राग यायचा तो मालकांचा. चाळीस वर्षं त्याने जयंतीच्या मंडपांत कर्णे बांधले होते, पावसात भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले स्पीकर बोलते केले होते. स्पीकरचं दुखणं सापडतं, शहाण्या माणसाचं सापडत नाही, असं तो बायकोला, केशरबाईला, सांगायचा.

ठाण्यात खोपटच्या एका टॉवरमधून त्याला बोलावणं आलं. विनीत नावाच्या तरुणाच्या होम थिएटरवर गाणी दणदणायची, पण संवाद पुटपुटल्यासारखे यायचे. कुंडलिक टेकतो न टेकतो तोच विनीतने अक्कल पाजळायला घेतली. सगळी सेटिंगं बदलून झाली होती, महागडी केबल आणली होती, भिंतीला फोमसुद्धा चिकटवला होता.

"काका, प्रॉब्लेम हॉलचाच आहे," तो म्हणाला. "आणि बाबांना तर ऐकूच कमी येतं."

बाबा, म्हणजे त्र्यंबक, समोरच बसले होते. टीव्हीवरचं बोलणं कळत नाही म्हणून मुलाने त्यांना बहिरं ठरवलं होतं आणि ऑनलाइन मागवलेलं यंत्र कानात घातलं होतं. डॉक्टरकडे नेण्याची तसदी मात्र कुणी घेतली नव्हती.

कुंडलिकने फोमकडे बघून नाक मुरडलं आणि एकेका स्पीकरला कान लावला. चार बोलत होते. टीव्हीखालचा मधला, ज्यातून संवाद येतात, तोच मुका. मागची वायर जरा ओढली तर हातातच आली. विनीतने तांब्याची तार सोललीच नव्हती. प्लॅस्टिकसकट खाचेत कोंबली होती. कुंडलिकने चाकूने टोक सोललं, तार बसवली आणि बातम्या लावल्या. निवेदिकेचा शब्द न् शब्द स्वच्छ आला.

त्र्यंबकांनी यंत्र काढून मांडीवर ठेवलं. कुंडलिकने त्यांच्याकडे पाठ करून हलकेच विचारलं, "आबा, नोकरी कुठं केलीत?"

"एसटीत. इथल्याच डेपोत," लगेच उत्तर आलं.

विनीत वायरच्या दर्जाबद्दल काहीतरी बोलू लागला. कुंडलिकने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

"साहेब, मुका स्पीकर होता. बहिरा तुम्ही बाप केलात."

चहा न घेताच तो निघाला. त्र्यंबक चपला घालून त्याच्याबरोबर खाली उतरले. फाटकाशी उभं राहून ते कसाऱ्याच्या घाटातल्या फेऱ्यांचं सांगत राहिले. बहिरं ठरवल्यापासून घरात कुणी त्यांच्याशी धड बोलत नव्हतं; वर्षभराचं साचलेलं होतं. आंबिवलीची गाडी चुकणार हे कुंडलिकला दिसत होतं, पण तो थांबला.