हातपंपाचं एरंडेल

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. उल्हासनगर कॅम्पातल्या हातपंपांसाठी स्टोअरमधून दर महिन्याला एरंडेल मिळायचं, ते मी माझ्या केसांना लावत होतो.

मी बदलापूर गावचा, नवा फिटर, अजून टेम्पररी. हातपंपाच्या पोटात चामड्याची गोल झडप असते. ती पाणी वर येऊ देते, परत खाली जाऊ देत नाही. महिन्यातून एकदा पंप खोलून तिला तेल पाजायचं, एवढंच मेन्टेनन्स. मी पंप न खोलताच रजिस्टरवर सही करायचो. भांग मात्र झकास बसायचा.

एका बॅरेकीतल्या सिंधी गोपीअम्मा मला 'पुट', म्हणजे बेटा, म्हणायच्या. त्या तीन महिने सांगत होत्या, "पुट, हैंडल हल्का हो गया है."

"हलकं म्हणजे चांगलंच की, अम्मा."

त्यांच्या नातीच्या लग्नादिवशीच पंप कोरडा पडला. वऱ्हाड दारात, पातेली रिकामी. आमचे इंजिनियरसाहेब पाहुणे म्हणून आत गादीवर बसलेले. सिंध्यांकडे पाहुण्याला आधी पापड आणि पाणी देतात. साहेबांचा पापड खाऊन झाला होता.

बोलावणं आलं तसा मी धावत जाऊन पंप खोलला. झडप वाळून त्या पापडासारखीच मोडली. नवी झडप अंबरनाथच्या स्टोअरमध्ये. इथं चामडं म्हणजे दाराबाहेर काढून ठेवलेले साहेबांचे बूट.

"अम्मा, हा धरा."

"किसका है?"

"विचारू नका."

बुटाच्या नाडीखालची चामड्याची पट्टी कापली, दुमडून दोन गोल काढले. पण कोरडं चामडं पाणी धरत नाही.

"आता तेल कुठून आणू?"

अम्मांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं. "ये क्या है, पुट? तीन महिने से देख रही हूँ."

त्यांनी दोन्ही तुकडे माझ्या डोक्यावर खसाखसा घासले. पाण्यासाठी रांगेत थांबलेल्या बायका हसता हसता हंड्यांवर कलंडल्या. मीही पोट धरून हसलो. पाचव्या दांड्याला भळाभळा पाणी आलं, तेव्हा एकीनं ओंजळभर माझ्याच अंगावर उडवलं.

पाणी पिऊन साहेब बाहेर आले. एक पाय बुटात डुगडुगत होता.

"याच्या आतलं कातडं कुठं गेलं?"

"कुत्रं असेल, साहेब."

"आणि पंप कशानं बंद पडला?"

आत्तापर्यंत हसत होतो. तोंडातून निघून गेलं, "बायका हँडल आपटतात, साहेब."

"मग कुलूप लावा. सकाळी तासभर उघडा, संध्याकाळी तासभर. तसं लिहून ठेवा."

मी रजिस्टरात कारणासकट लिहिलं. अम्मांना मराठी कळत होतं. तरी त्यांनी माझ्यासाठी मिठाईचं ताट पाठवलं.

मी पर्मनंट झालो. घराघरांत नळ येईपर्यंत ते कुलूप राहिलं, आणि बायका उन्हात ताटकळत राहिल्या. चामड्याला वेळेवर तेल दिलं तर कुणाचा बूट कापावा लागत नाही. आता तेल लावण्याइतके केसही डोक्यावर नाहीत.

बुटाचं मला काही वाटत नाही. पण रजिस्टरात माझ्या अक्षरात जे आहे ते खोटं आहे, पंप त्यांनी नाही, मी बिघडवला, हे अम्मांना आणि त्या बायकांना तोंडावर सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.