सोनाजीचं पान

आमच्या आत्याबाईला कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. आत्याबाई म्हणजे माझी सासू, धुरपताबाई. दारात कुणीबी उभं राहिलं की आधी पाणी, मग चहा, मग "भाकर खाऊन जा बाबा." मी लई डाव म्हणलं, आत्याबाई, माणूस कोण हाय, काहून आलाय, एवढं तरी इचारत जा. तर मलाच म्हणायची, "रुखमे, तुझं काळीज लई बारकं हाय गं."

शिरड शहापूरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला आमची वाडी हाय. सत्तावीस घरं, सगळी आंधांची. आमी आंध, या डोंगरातले आदिवासी. पण आमी लुगडं नेसतो, मराठी बोलतो, हळदीच्या रानात राबतो. म्हणून हिंगोलीत गेलं की शिकलेले लोक वर-खाली बघतात आणि म्हणतात, "तुम्ही आदिवासी वाटत नाही हो." आता काय डोक्यात पिसं खोवून बाजाराला यावं का आमी?

आत्याबाईला अक्षर येत न्हाई. पण वाडीत लग्न असो की मयत, तिच्याबिगर पान हलत न्हाई. कुणाच्या घराण्यात कोणता देव, कुणाला कुठली सोयरीक चालते, सगळं तिच्या तोंडी. आणि अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, तर तिचीच. त्या दिवशी गेलेल्या माणसांना जेवायला बोलवायचं असतं. बाकीचे लोकबी बोलवतात, पण आमच्या घरची रीत अशी की दार सताड उघडं ठेवायचं. उंबऱ्याच्या आत पळसाची पानं मांडायची, आणि एकेकाचं नाव घेऊन आत्याबाईनं गाणं म्हणायचं. शेवटचं पान सोनाजीचं. सोनाजी तिचं पहिलं लेकरू, माझ्या मालकाचा थोरला भाऊ. सहा वर्साचा व्हता, तापात गेला. ते गाणं तिनं तवाच जुळवलं.

ये रं सोनाजी, बैस दारात,
निवद वाढिला पळसपानात.

एवढ्याच दोन ओळी ती तीनदा म्हणते, आणि पदर तोंडावर घेते. पन्नास वर्सं झाली, पण एक अखजी चुकली न्हाई.

सहा वर्सामागं गोपीचंद सर आला. सेनगावकडचा, आमच्या जमातीतला न्हवे, पांढऱ्या गाडीतला. म्हणे, "मावशी, मी आदिवासींवर पुस्तक लिहितोय. तुमच्यासारखं ज्ञान कुणाकडं नाही." झालं, आत्याबाई हुरळली. जल्मात पहिल्यांदा कुणी तिच्या बोलण्याला ज्ञान म्हणलं व्हतं. तीन डाव आला मेला. वट्ट्यावर मांडी घालून बसायचा, मोबाईल पुढं ठेवायचा, वर वहीत लिहायचा. देव कोणते, मयताला काय करता, अखजीला काय म्हणता? आत्याबाईनं सगळं सांगितलं, सोनाजीचं गाणंबी म्हणून दाखवलं. आणि मी काय करत व्हते? मी त्याच्यासाठी जवसाची चटणी कुटत व्हते. ते आठवलं की आजबी माझ्या हाताची आग व्हते.

पुस्तक काही आलं न्हाई. आमीबी इसरून गेलो.

माझी सपना बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. वाडीतली पहिली पोरगी! पण आदिवासींच्या जागेवर नंबर, म्हणजे पडताळणी करून आणा, तुमी खरंच आंध हाव का. तवर प्रवेश अर्धाच. पडताळणीच्या हापिसानं जुना कागद मागितला. माझ्या सासऱ्यानं शाळेचं तोंड बघितलं न्हवतं, मग दाखला कुठून आणावा? मालकाच्या दाखल्यावर नुसतं 'हिंदू' लिहिलेलं. मग म्हणले, पोरीला प्रश्न इचारू, रीतिरिवाज सांगितले तर बघू. मी तर खूश झाले. म्हणलं, रीतिरिवाज? ते तर घरचंच हाय.

आमी तिघी त्या हापिसात गेलो. आत्याबाईला बाहेर बाकावर बसवलं, मी आणि सपना आत. टेबलामागं एक मॅडम व्हत्या, चष्म्यातल्या. सपनानं देव सांगितले, मयताचं सांगितलं, सगळं बराबर. मॅडमनी इचारलं, पूर्वजांना कसं बोलावता? सपनानं गाणं म्हणलं. मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. कपाटातून एक जुनी फाईल काढली, पानं उलटली.

"हे तू कुठून पाठ केलंस?"

"आजीकडून."

"खोटं बोलू नकोस. शब्दाला शब्द हेच उत्तर आमच्याकडं सहा वर्षांपासून आहे. त्या मुलाला प्रमाणपत्रही मिळालंय. आजकाल फायलींच्या झेरॉक्स फिरतात बाहेर, आम्हाला काय कळत नाही?"

सपनानं मान वाकडी करून वाचलं. फायलीवर पोराचं नाव, त्यापुढं बापाचं नाव गोपीचंद, तालुका सेनगाव, आणि आत टाईप केलेलं: 'सोनाजी हे या जमातीचे कुलदैवत असून अखजीस त्याचे गीतातून आवाहन करतात.'

"मॅडम, सोनाजी देव न्हाई," सपना रडकुंडीला आली, "माझा थोरला चुलता हाय तो. लहानपणी वारला."

मी पळत जाऊन आत्याबाईला आत आणलं. गोपीचंदचं नाव ऐकून तिचं तोंड फुललं. म्हणती, "व्हय व्हय, आला व्हता की. लई गुणाचा माणूस. त्याचं लेकरू बरं हाय ना?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आमाला पोटात घ्यावं. सपनानं तिला ती ओळ वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली तिनं. मग हळूच म्हणाली, "देव कशाचा बाई? माझं लेकरू व्हतं ते. माझ्या मांडीवर गेलं."

मॅडमनी चष्मा काढला. दुष्ट बाई न्हवती ती, उगं कशाला खोटं बोलू? "मृत्यूचा दाखला आहे का?" म्हणाल्या.

"कशाचा?"

"सोनाजी नावाचा मुलगा होता याचा काही पुरावा?"

"मी हाय की," आत्याबाई म्हणाली. "मी त्याची माय."

मॅडमनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "हे बघा आजी, गाणं जमातीचं असेल, तर तुमच्या नातीनं ते या फायलीतून उचललंय. आणि तुमच्याच घरचं असेल, तर ती जमातीची प्रथा नाही. दोन्हीकडून मला काही करता येत नाही."

"आणि त्या पोराचं?" मी ओरडलेच. "त्यानं देव म्हणून आमचं मेलेलं लेकरू दाखवलं, त्याचं काय?"

"त्याचं प्रकरण बंद झालंय. तक्रार असेल तर लेखी द्या."

लेखी दिली. तिची पोचसुद्धा आली न्हाई. सपनाचा दावा नामंजूर झाला, नांदेडची जागा गेली. गोपीचंदचं पोरगं म्हणे आता डॉक्टर व्हऊन राहिलं. होवो बापडं. उद्या आत्याबाई आजारी पडली तर त्याच्याच पुढ्यात न्यावं लागंल, आणि तो कागदावर लिहील, जात आंध, रुग्ण अडाणी.

औंदा सपनानं माझ्यासंगं हळद शिजवली. बोटं पिवळीधमक झाली पोरीची. आत्याबाई तिच्या हाताकडं बघायची न्हाई. एक डाव नुसतं म्हणाली, "मीच माझ्या लेकराला दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवलं गं." इतकी वर्सं तिला टोचून बोलत व्हते, त्या दिवशी उठून तिच्यासाठी चहा टाकला.

मग अखजी आली. सारवलं, पानं मांडली, पुरण वाढलं. आत्याबाईनं सासऱ्याचं नाव घेतलं, त्यांच्या मायबापाचं घेतलं. सोनाजीच्या पानापशी आली आणि थांबली. रस्त्यावरून एक फटफटी गेली, तर तिनं दचकून बाहेर बघितलं.

"आजी, म्हण की," सपना म्हणाली.

"रुखमे," आत्याबाई मला म्हणाली, "दार लाव आधी."

मी उठले आणि दार लावलं. कडीबी घातली. मग ती गाणं म्हणाली, इतकं हळू की मला जवळ बसूनबी नीट ऐकू आलं न्हाई. दार बंद असल्यावर सोनाजी आत कुठून येणार, हे आमच्या तिघींच्याबी मनात आलं व्हतं. पण उठून दार कुणी उघडलं न्हाई.