फिनेलची बादली

"हात भेळेतून काढ."

बाई ओरडल्या नाहीत. त्या कधीच ओरडायच्या नाहीत. पुण्यातल्या पेठेतली शाळा, स्वच्छ उच्चार, हळू आवाज. मी नववीत होते, विश्रांतवाडीहून यायचे. शाळेत खाद्यजत्रा होती, आमच्या वर्गाकडे भेळ होती आणि मी बाह्या वर सारून कुरमुरे कालवत होते. बाह्या वर सारल्या, तिथंच चुकलं. कोपरांच्या खळग्यांत, मनगटांवर, मानेवर माझी कातडी लाल, जाड, खाजवून फुटलेली. एरवी मी भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा गणवेश घालायचे.

बाईंनी माझं मनगट दोन बोटांत धरून वर उचललं. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात, तसं. वर्गाला दाखवलं. मग म्हणाल्या, "खडकवासल्याचं पाणी विश्रांतवाडीपर्यंत येत नाही वाटतं?"

मुली हसल्या. बाईंचं झालं नव्हतं.

"आंघोळीची पद्धत नाही का तुमच्यात?"

तुमच्यात. या शहरात जात विचारत नाहीत. असभ्य दिसतं ते. नुसतं 'तुमच्यात' म्हटलं की काम होतं. आम्ही बौद्ध. हजेरीत माझं आडनाव आलं की बाईंचा आवाज अर्धा क्षण अडखळायचा. त्या दिवशी तो अडखळला नाही.

त्यांनी अख्खं पातेलं कचऱ्याच्या डब्यात उपडं केलं. सकाळपासून कांदा चिरून डोळे सुजवून घेतलेल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. जणू मी भेळेत थुंकले होते. मग बाई मला मागच्या अंगणातल्या नळाकडे घेऊन गेल्या. शिपाई मावशींना त्यांनी संडास धुवायची बादली आणायला सांगितली. बादलीत पांढरं पाणी. फिनेल. आणि काथ्याचा ब्रश.

"हात पुढे."

मला कुणी धरलं नव्हतं. हात मीच पुढे केला. बाईंनी ब्रश टोकाला धरून घासायला सुरुवात केली. फुटलेल्या कातडीवर फिनेल पडलं. आग. नुसती आग. पाणी गुलाबी होऊन मोरीकडे गेलं. बाई म्हणाल्या, "बघा, किती घाण निघतेय."

ते रक्त होतं.

फिनेलच्या वासानं छाती आवळली. मला दमाही होता. पंप गणवेशाच्या खिशात होता, पण आईनं बजावलं होतं, चारचौघांत काढायचा नाही. पंपावरची मुलगी म्हटल्यावर उद्या कोण सून करून घेणार? आणि पंप एकदा लागला की सुटत नाही, असं आमच्या आळीत सगळेच म्हणायचे. मी धावत संडासात गेले, कडी लावली आणि तिथं पंप ओढला. आत त्याच फिनेलचा वास कोंडलेला. आत येणारा श्वास विष होता आणि बाहेर वर्ग उभा होता. मी आत राहिले.

घरी आईनं हात बघितला. काय झालं ते मी सांगितलं. मला वाटलं, ती शाळेत जाऊन बाईंच्या झिंज्या उपटेल. आई तशी तिखट होती. पण ती उठली, बंबात पाणी कडकडीत तापवलं, कपड्याचा साबण घेतला, भांड्यांचा काथ्या घेतला आणि मला मोरीत बसवलं.

आमचं घर आरशासारखं लख्ख. माझ्या आजीला लोकांनी लांब उभं केलं होतं, म्हणून आई रोज उंबराही घासायची. कुणाला बोट ठेवायला जागा द्यायची नाही, एवढंच तिचं आयुष्य. त्या दिवसापासून तिनं मलाही तसंच घासलं. सकाळी, संध्याकाळी. दात-ओठ खाऊन. मी किंचाळायचे. ती घासता घासता रडायची आणि रडता रडता घासायची. "घाण म्हणतात काय माझ्या पोरीला! घाण म्हणतात काय!" टॉवेलवर रोज रक्ताचे डाग. ते डागही ती घासून काढायची.

कातडी फाटत गेली. रात्री चादर अंगाला चिकटायची. शेवटी वडिलांनी रजा काढून आम्हा दोघींना सरकारी दवाखान्यात नेलं. कातडीच्या डॉक्टरबाईंनी माझे हात उलटसुलट केले. हातमोजे न घालता. त्याचंच मला इतकं नवल वाटलं की त्या काय विचारतात तेच मला ऐकू येईना.

"कशानं धुता हे?"

आई अभिमानानं म्हणाली, "साबणानं. कडक पाण्यानं. दोन्ही वेळा. घासून."

"का?"

आईच्या आधी मीच म्हणाले, "शाळेत घाण म्हणतात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "ही खरूज नाही. इसब आहे. अ‍ॅलर्जीच्या प्रकृतीचं दुखणं आहे, दमाही त्यातलाच. एकाचं दुसऱ्याला लागत नाही. घाणीनं तर होतच नाही. उलट तुमच्या घासण्यानं वाढलंय, ताई. साबण बंद. काथ्या बंद. कोमट पाणी, झटपट आंघोळ आणि अंग ओलसर असतानाच हे मलम. लाल चट्ट्यांवर ही दुसरी ट्यूब, सांगते तेवढेच दिवस. पंप जवळ ठेवायचा, धाप लागली की लगेच घ्यायचा. सवयबिवय काही लागत नाही. आणि फिनेल, धूर, उग्र वास, लांब."

आई म्हणाली, "पण लोक म्हणतील ते?"

"लोकांचं मी काय सांगू? साबण बंद करा."

आईनं दोन्ही मलमं घेतली. देव्हाऱ्यात ठेवावीत तशी बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंब पेटवला.

"आई, डॉक्टर काय म्हणाल्या?"

"डॉक्टरला कुणी घाण म्हणत नाही. बस खाली."

तेव्हा मला उमगलं. बाई आमच्या मोरीत येऊन बसल्या होत्या. त्यांना विश्रांतवाडीपर्यंत यायची गरजच पडली नव्हती. त्यांचा ब्रश माझ्या आईच्या हातात होता आणि माझी आई, जिनं माझ्यासाठी जीव ओवाळून टाकला असता, ती रोज दोनदा मला सोलत होती. माझं डोकं फिरलं. मी तिचं मनगट धरून पिरगाळलं. काथ्या हिसकावला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. साबण मोरीच्या भिंतीवर आपटला.

आईनं कानाखाली मारली. "घाणेरडी राहायचंय तुला?"

"हो."

तिनं परत मारली. मी परत म्हणाले, "हो." तिसऱ्यांदा तिचा हात वर गेला आणि वरच राहिला. मग ती मोरीच्या कट्ट्यावर मटकन बसली. मी कोमट पाणी अंगावर घेतलं, टॉवेलनं टिपलं आणि तिच्यासमोर मलम लावलं.

कातडी भरायला लागली. पण शाळेत भेळेच्या दिवसापासून माझा बाक दाराशी होता, एकटीचा. एका दुपारी प्रयोगशाळेत जायची रांग लागली आणि बाईंनी मला रांगेतून काढून अंगणातल्या नळापाशी उभं केलं. मावशींना सांगितलं, "बादली आणा."

बादली आली. अख्खा वर्ग बघत होता.

"हात पुढे."

मी बाही कोपराच्या वर सारली. हात पुढे केला. आणि सरळ बाईंच्या उघड्या दंडावर दाबला. जोर लावून. माझी खरखरीत कातडी त्यांच्या गोऱ्या, पावडर लावलेल्या कातडीवर. त्या मागे सरकल्या, मीही सरकले. भिंत आली. मी म्हणाले, "बघा लागतंय का. हे लागत नाही, बाई. डॉक्टरांनी सांगितलंय. लागलं तर मला शाळेतून काढा."

बाई त्या दिवशी ओरडल्या. जन्मात पहिल्यांदा. मला ढकललं, माझं डोकं नळावर आपटलं, कपाळ फुटलं. माझ्याकडे न बघता त्यांनी मावशींकडून फिनेलची बाटली हिसकावली आणि निव्वळ फिनेल, थेंबभर पाणी न घालता, दंडावर ओतून घासत सुटल्या. घासत राहिल्या. अगदी माझ्या आईसारख्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या दंडावर फोड आले होते. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, आईला आणि मला बोलावून घेतलं. बाई दंडाला बँडेज बांधून बसलेल्या. माझ्या कपाळावर पट्टी. तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा रोग शिक्षिकेला लागलाय. रोग नसल्याचा दाखला आणा, तोवर तिला घरी ठेवा. आणि बाईंची माफी मागा."

आई म्हणाली, "आणते दाखला."

"नाही," मी म्हणाले. "बाईंना विचारा, दंड कशानं धुतला. ते फोड फिनेलचे आहेत. माझा हात सोलला तो याच फिनेलनं, यांच्या हातनं. तेव्हा मी दाखला मागितला नाही."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "आवाज खाली."

मी आईकडे बघितलं. तिनं बाईंचं बँडेज बघितलं, मग माझं कपाळ. काहीतरी जोडलं तिनं मनात. उठली. "माफी नाही," म्हणाली. "आणि दाखलापण नाही. उद्या शाळेत येईल ती." बाहेर अंगणात बादली तशीच होती. आईनं तिला अशी लाथ घातली की ती भिंतीवर आपटून फुटली. मग माझा हात धरून ती फाटकातून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. बाह्या कोपराच्या वर. पंप बाकावर, सगळ्यांना दिसेल असा. बाई आत आल्या. माझ्या शेजारची मुलगी उठून मागे गेली.

बाई म्हणाल्या, "बाहेर हो."

मी म्हणाले, "नाही."

त्या हजेरी घ्यायला लागल्या. दहावी होईपर्यंत मी त्याच बाकावर बसले. बहुतेक दिवस एकटी.

आज मी नोकरी करते. इसब आहे, दमा आहे, दोन्ही ताब्यात आहेत. पंप पर्समध्ये वरच्या कप्प्यात असतो. पण अजूनही कुणी माझ्या हाताकडे टक लावून बघितलं की घरी आल्यावर माझा हात आपसूक साबणाकडे जातो. तेव्हा मी तो हात दुसऱ्या हातानं धरते. गरज पडली तर पिरगाळते. मी स्वच्छ आहे, हे मी आता कुणालाही घासून दाखवणार नाही. माझ्या अंगावर काथ्या घेऊन जो हात येईल, तो मी मोडीन. माझा स्वतःचा असला तरी.